घरासोबत धंद्याचाही विचार करा: धारावीच्या गल्ल्या काय सांगतात

धारावीच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न असतो, घर किती चौरस फुटांचं मिळणार? पण जरीकाम, चामडं, शिलाई, भंगार अशा धंद्यांवर जगणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी दुसरा प्रश्नही तितकाच मोठा आहे. धंदा कुठे राहणार? कारण धारावीची कमाई तिथल्या रचनेवर उभी आहे.

पहिली गोष्ट, मोक्याची जागा. एका बाजूला पश्चिम रेल्वेचं माहीम, दुसऱ्या बाजूला मध्य रेल्वेचं सायन. कारागीर आणि गिऱ्हाईक दोन्हीकडून येतात.

दुसरी, घर आणि कारखाना एकत्र. खाली मशीन, वर माळ्यावर संसार. भाडं एकच, प्रवासखर्च शून्य. घरातल्या बायका मुलं सांभाळून धागे कापतात, टिकल्या लावतात. कारखाना तासभर लांब गेला, तर सगळ्यात आधी त्यांची कमाई बंद पडेल.

तिसरी, धंद्याला धंद्याचा शेजार. तेरा कंपाउंडमध्ये एक जण भंगारातलं प्लास्टिक निवडतो, दुसरा त्याचे तुकडे करतो, तिसरा धुऊन वाळवतो, चौथा वितळवून दाणे बनवतो. प्रत्येकाकडे एकच काम, म्हणून थोड्या भांडवलातही सुरुवात करता येते. चामड्याची बॅग शिवणाऱ्यालाही अस्तर, चेन, बक्कल पायी फिरून मिळतं. ही साखळी विखुरली तर पावलोपावली टेम्पोचं भाडं मोजावं लागेल.

म्हणून आहे तेच राहू द्या, असं नाही. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं, आग लागली तर बंब आत शिरेना, हे कुणालाच नको आहे. बदल हवाच. पण दहाव्या मजल्यावर शिलाई मशीन कदाचित चालेल, भंगाराची गोणी कशी चढणार? जाहीर धोरणानुसार १ जानेवारी २००० पूर्वीच्या पात्र तळमजला रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मिळणार आहे. वरच्या मजल्यावरच्यांची सोय मात्र धारावीबाहेर आहे. म्हणजे खालचा मालक इथे आणि वरचा कारागीर दूर, अशी वेळ येऊ शकते.

त्यामुळे फक्त घराचे कागद जपून भागणार नाही. गुमास्ता परवाना, वीजबिलं, भाडेकरार, मालाच्या पावत्याही एका फाइलमध्ये लावून ठेवा. बैठकीला गेलात तर तळमजल्यावरचे गाळे, माल चढवायची-उतरवायची जागा आणि एका धंद्याची माणसं एकत्र ठेवणं, या तीन गोष्टी आवर्जून मागा. छप्पर मिळालं आणि रोजी गेली, तर त्या घराचा देखभाल खर्च भरायचा कशातून?