जव्हारची स्वारी : खजिना कीं वाट?

शके १५९४ त, म्हणजे इ. स. १६७२ च्या जूनच्या ५ तारखेस, मोरोपंत पिंगळे यांनीं जव्हार घेतलें. तेथें सुमारें १७ लक्ष रुपये सांपडले, एवढेंच बहुधा सांगितलें जातें. आमच्या मतें खरा लाभ द्रव्याचा नसून वाटेचा होय. वर्षारंभीं साल्हेरीस बादशाही फौजेचा मोड होऊन इखलासखान पाडाव झाला होता. जव्हारामागून रामनगर पडतांच सुरतेची वाट मोकळी झाली. लागलीच सुरतकरांकडे ४ लक्षांची मागणी गेली. कोळी राजा विक्रमशहा मोंगली मुलखांत निघून गेला. १६६४ च्या सुरत-स्वारीच्या वेळीं त्यानेंच शिरपामाळावर महाराजांचा सन्मान केला, अशी जव्हारची परंपरा आहे. यास्तव जव्हारचे कागद तपासतांना संग्राहकांनीं खजिन्याइतकेच घाट व चौक्या यांचेही उल्लेख टिपून ठेवावे, ही विनंति.