कवड्या की मण्यार? लहान साप दिसल्यावर काय करावे

वर्षावास सुरू आहे. आपल्या विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. मागच्या आठवड्यात वाचन संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना खालून हातभर लांबीचा साप निघाला. काळपट अंग, त्यावर पांढरट पट्टे. एक भाऊ म्हणाले, "मण्यार आहे, मारा!" दुसरे म्हणाले, "अहो, कवड्या आहे तो. थांबा, हाताने उचलतो." आणि एक आजी म्हणाल्या, "एवढंसं पिल्लू, त्याच्यात कुठलं आलंय विष?"

आम्ही सगळ्यांना मागे सरकवले, पोरांना बाहेर काढले आणि सर्पमित्राला फोन केला. त्याने साप बरणीत घेतला. निघाला कवड्याच, म्हणजे बिनविषारी. पण तो मण्यारही असू शकला असता. म्हणून या वेळचे आरोग्य पान या विषयावर.

लहान साप म्हणजे पिल्लूच असे नाही

आपल्या वस्तीत दिसणारे काही साप जन्मभर लहानच राहतात. वाळा हा तर गांडुळासारखा दिसतो. ओल्या मातीत, कुंडीत, मोरीजवळ सापडतो, मुंग्या-वाळवीची अंडी खातो. त्याच्यापासून माणसाला काहीही धोका नाही. अंगावर उभ्या पिवळसर रेघा असलेली नानेटीही बिनविषारी. कवड्या भिंतीवर चढून पाली खातो, म्हणून घरात वारंवार दिसतो.

पण फुरसेही लहानच असते. साधारण हात-दीड हात. कोकणात ते फार आढळते. अंग खरखरीत, डोक्यावर बाणासारखी खूण, आणि वेटोळे घालून अंग घासले की करवतीसारखा आवाज येतो. ते विषारी आहे.

घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्ले देते. पिल्लाच्या अंगावरही मोठ्या घोणशीसारखेच साखळीसारखे गोल ठिपके असतात. लोक त्याला अजगराचे पिल्लू किंवा डुरक्या घोणस समजून हातात धरतात आणि फसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांच्या पिल्लांना जन्मापासून विष असते.

कवड्या आणि मण्यार यांतला फरक

मण्यारीचा रंग चकचकीत निळसर काळा. त्यावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे डोक्यापासून थोड्या अंतरावर सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट होत जातात. कवड्याचा रंग बहुधा तपकिरी, पट्टे पिवळसर पांढरे. ते मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. डोके चपटे असते.

वाचायला हे सोपे वाटते. पण रात्रीच्या अंधारात, पळणाऱ्या सापावर, मोबाईलच्या उजेडात हे कळत नाही. मण्यारीच्या पिल्लाचे पट्टे कधी मानेपर्यंतही असतात. तेव्हा ही ओळख लांबून पाहण्यापुरती आहे, हात लावण्यासाठी नाही. पट्ट्यांचा साप दिसला की तो मण्यार आहे असेच धरून चालावे.

साप दिसला तर

मारायला जाऊ नका. साप मारताना चावण्याचा धोका वाढतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार साप मारणे गुन्हा आहे. आणि आपण तर रोज पंचशील घेतो. पहिलेच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दयेची प्रतिज्ञा आहे.

लांब उभे राहून एका माणसाने सापावर नजर ठेवावी. जमल्यास लांबूनच फोटो घ्यावा. ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

मण्यारीचा दंश कळत नाही

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.

मी एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होते. पहाटे पाचच्या सुमारास एका अकरा वर्षांच्या मुलीला आणले. पोटात दुखत होते, दोन उलट्या झाल्या होत्या. अंगावर जखम नाही, सूज नाही. पित्त समजून औषध दिले आणि घरी पाठवले. आठ वाजता वडील तिला पुन्हा उचलून घेऊन आले, तेव्हा तिच्या पापण्या मिटत होत्या आणि थुंकी गिळता येत नव्हती. जिल्ह्याच्या ठिकाणी नेताना वाटेतच ती गेली. नंतर घरात तिच्या गोधडीखाली लहानशी मण्यार सापडली. ती रात्री कुठे झोपली होती, एवढे आमच्यापैकी कोणीच विचारले नाही. मीही नाही. हा प्रश्न मी तेव्हापासून कधी विसरले नाही.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दात इतके बारीक असतात की वेदना जवळजवळ होत नाही, खूणही दिसत नाही. काही तासांनी पोटात दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात, बोलताना जीभ अडखळते, गिळता येत नाही. मग श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे अशी लक्षणे दिसली, तर सर्पदंश समजूनच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना आपणहून सांगा, "हा रात्री खाली झोपला होता."

दंश झाल्यावर

सापाचे नाव कळेपर्यंत थांबू नका. सरकारी दवाखान्यात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच आहे. डॉक्टर लक्षणे आणि रक्त पाहून उपचार करतात. साप मारून सोबत आणण्याची गरज नाही. मेलेल्या सापाचे तोंडही चावू शकते.

रुग्णाला धीर द्या, चालवू नका. अंगठी, बांगडी, जोडवी काढा. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, ब्लेडने चिरू नका, तोंडाने विष ओढू नका. १०८ ला फोन करा, गाडीला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. बरे वाटले तरी किमान चोवीस तास देखरेखीखाली राहा.

मांत्रिकाकडे नेऊ नका. परित्राण पाठाने मनाला धीर येतो, पण विष उतरत नाही. पाठ करायचाच असेल तर गाडीत बसून करा.

खबरदारी आणि मागणी

एका खोलीत सहा माणसे, खाट एकच आणि तीही म्हाताऱ्यांना. हे आपले वास्तव मला माहीत आहे. खाट नसेल तर मच्छरदाणी घ्या आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी नीट खोचा. मण्यार आत येत नाही, डासही येत नाहीत. अंथरूण झटकून घाला, रात्री बॅटरी घेऊन बाहेर पडा, सरपण भिंतीला लागून रचू नका, मोरीच्या तोंडाला जाळी लावा.

साप येतो उंदरांमागे, उंदीर येतात कचऱ्यामागे. कचरा उचलणे, नाली झाकणे, शौचालयाच्या वाटेवर दिवा लावणे ही नगरपालिकेची आणि ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. महिला मंडळांनी या महिन्यात तसा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. जवळच्या आरोग्य केंद्रात प्रतिविष आहे का, हेही आजच विचारून यावे. दंश झाल्यावर विचारायला वेळ नसतो.

जय भीम! नमो बुद्धाय!