कावेरीतील महाशीर : ओळख पटण्यास झालेला विलंब

माशाची जात ओळखण्यासाठी त्याचे खवले, पर, ओठ व डोक्याची ठेवण पाहण्याची पद्धत जुनी आहे. परंतु वय, आहार आणि पाणी ह्यांनुसार एकाच जातीच्या माशांची ठेवण बदलते. उलट दोन निराळ्या जाती दिसण्यात सारख्या असू शकतात. अशा वेळी माशाच्या शरीराचा अगदी लहान तुकडा घेऊन त्यातील आनुवंशिक द्रव्याची तुलना केली जाते. दोन्ही परीक्षांचे निष्कर्ष जुळले म्हणजे निर्णय भक्कम होतो.

कावेरी नदीतील कुबड असलेला महाशीर हे ह्याचे बोलके उदाहरण होय. इ. स. १९४६ मध्ये कावेरीच्या काबिनी ह्या उपनदीत सुमारे ५४ किलोग्रॅम वजनाचा महाशीर गळाला लागला होता. एवढा प्रसिद्ध मासा असूनही त्याचे शास्त्रीय नाव निश्चित नव्हते. केरळातील पांबार नदीतील लहान माशांवरून ‘टॉर रेमादेवी’ ही जात पूर्वीच वर्णिलेली होती. मोयार नदीतील नमुन्यांची ठेवण व आनुवंशिक द्रव्य तपासल्यावर, कावेरीचा तो प्रचंड मासा ह्याच जातीचा असल्याचे २०१८ मध्ये सिद्ध झाले.

मधल्या काळात मात्र हानी होऊन गेली होती. महाराष्ट्रात खडशी म्हणून परिचित असलेल्या, निळसर परांच्या महाशीराचे वर्णन साइक्स ह्यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. लोणावळ्यास तयार झालेले त्याचे बीज १९७० च्या दशकापासून कावेरीत सोडण्यात आले. हेतू नदी समृद्ध करण्याचा होता. परंतु १९९८ ते २०१२ ह्या काळातील गळाच्या मासेमारीच्या नोंदींत निळ्या परांचा मासा वाढत गेला व कुबडाचा मासा विरळ होत गेला. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगाची मासेमारी ह्यांचाही त्याला उपद्रव झाला. २०१८ मध्येच त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली.

ह्यावरून ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका नदीचे मत्स्यबीज, ते एकाच नावाने ओळखले जात असले तरी, दुसऱ्या नदीत परस्पर सोडू नये. प्रथम मत्स्यव्यवसाय खात्याचा सल्ला घ्यावा. शेततळ्यातील मासे पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात जाऊ नयेत म्हणून सांडव्यास जाळी बसवावी. निराळ्या ठेवणीचा मासा आढळल्यास त्याचे स्थानिक नाव, ठिकाण व दिनांक लिहून ठेवावा. ज्या माशाची ओळखच पटलेली नाही, त्याचे रक्षण करणे कठीण असते.