बाळ मान धरत नसेल तर वाट पाहू नका

चार महिने झाले तरी बाळ मान धरत नाही. पाय हलवत नाही, अंग सैल लागते, रडण्याचा आवाज बारीक. पण नजर तल्लख, हाक मारली की हसते. घरातली मोठी माणसे म्हणतात, "काही मुलं उशिरा मान धरतात." कुणी अंगारा लावतो, कुणी दोरा बांधतो. त्यात महिना निघून जातो.

अशा लक्षणांमागे वेगवेगळी कारणे असतात. त्यांतला एक दुर्मीळ आजार म्हणजे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजेच एसएमए. यात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील पेशी मरत जातात. मग दूध ओढणे, गिळणे आणि श्वास घेणेही अवघड होते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, म्हणून निदान लवकर व्हावे लागते. ते रक्ताच्या जनुक तपासणीतून होते.

हा आजार करणीने होत नाही. तो एकट्या आईकडूनही येत नाही. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. ते दोघे मात्र ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला आजाराची शक्यता चारांत एक असते. जवळच्या नात्यात लग्न झाल्यास धोका वाढतो. तेव्हा सुनेला बोल लावू नका.

2021 मध्ये मुंबईतल्या एका आई-बापाने पाच महिन्यांच्या मुलीसाठी लोकवर्गणीतून सुमारे 16 कोटी रुपये जमवले. एकदाच द्यायच्या इंजेक्शनची ती किंमत होती. वर कोट्यवधींचा कर होता. तो केंद्राने माफ केला. त्याच वर्षी जूनमध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका मुलीलाही हे इंजेक्शन मिळाले, पण ऑगस्टमध्ये ती गेली. औषध मिळाले तरी श्वासाची आणि आहाराची काळजी सुटत नाही.

तेव्हापासून वाट थोडी रुंद झाली आहे. रिसडिप्लाम हे रोज तोंडाने द्यायचे औषध 2025 मध्ये भारतीय कंपनीनेही आणले आणि बाटलीची किंमत लाखांवरून हजारांत आली. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांतून उपचाराला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे.

पण भाटघर किंवा पानशेत धरणामागच्या वाडीतून पुणे गाठायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सुरुवात गावातूनच करा.

- आशाताईंना बाळ दाखवा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर येतात. पण लक्षण दिसले तर त्यांची वाट पाहू नका.
- भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा. पुढे ससूनला जाण्यासाठी चिठ्ठी लेखी घ्या.
- प्रत्येक कागद एका पिशवीत ठेवा. मदतीच्या अर्जाला तेच लागतात.
- श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, दूध ठसकत असेल किंवा ओठ निळे पडले तर लगेच 108 ला फोन करा.

पुढचे बाळ हवे असेल तर आधी दोघांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि वस्तीत असे बाळ असेल तर त्या आईला सल्ले देत बसू नका. रुग्णालयात तिच्यासोबत जा.