हार्मोनची गोळी : मैत्रिणीच्या चिठ्ठीवर नको

डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या अनेक भगिनींची एकच तक्रार असते. गर्दीच्या डब्यात एकदम छातीपासून कानापर्यंत गरम वाफ चढते, ब्लाउज घामाने भिजतो आणि दोन-चार मिनिटांत थंडी वाजते. रात्रीही तेच, त्यामुळे झोपेचे खोबरे. मग एखादी मैत्रीण आपली हार्मोनची गोळी सुचवते आणि स्टेशनजवळच्या केमिस्टकडून तीच पट्टी घरी येते.

गोळी वाईट नाही. उसनी घेणे वाईट.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. बीजकोषांतून इस्ट्रोजेन तयार होणे कमी झाले की वरील त्रास सुरू होतो. तो सोसवेनासा असेल तर इस्ट्रोजेनइतका गुणकारी दुसरा उपाय नाही. पण गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीने नुसते इस्ट्रोजेन घेऊ नये. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, हे १९७५ सालीच दिसून आले. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतेच. मैत्रिणीचे गर्भाशय काढलेले असेल, तर तिला चालणारी गोळी तुम्हाला घातक ठरू शकते, ती अशी.

याउलट काही जणी नावानेच घाबरतात. २००२ मध्ये अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या पाहणीतील दोन्ही हार्मोन एकत्र देण्याचा भाग मध्येच थांबवावा लागला, त्याची ही भीती. वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे ८ जादा केसेस आढळल्या होत्या. पक्षाघात व रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते! साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केल्यास निरोगी स्त्रीला बहुधा तोट्यापेक्षा फायदाच अधिक होतो, असे आता मानले जाते.

लहान वयात बीजकोष काढलेल्यांची गोष्ट वेगळी. जून २०१९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री, आपल्या ठाण्याचे एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले होते की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. ऊसतोडणी करणाऱ्या बायकांवरून तो प्रश्न निघाला होता. अशा वेळी 'पिशवी काढली' एवढेच घरच्यांना माहीत असते. बीजकोष ठेवले की काढले, हे कोणी विचारत नाही. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा व ते वाचून घ्या. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही बीजकोष गेले असतील, तर हाडे व हृदयासाठी निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावे लागते. अर्थात पुढे सांगितलेली अडचण नसेल तर.

स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात गुठळी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, यकृताचा गंभीर आजार यांपैकी काही झाले असेल, तर ही गोळी सुरू करू नये. इतरांनीही आधी रक्तदाब, साखर, स्तनांची तपासणी व मॅमोग्राफी, गरजेप्रमाणे सोनोग्राफी करून घ्यावी. वजन जास्त असेल तर त्वचेवर लावायचे जेल बरे, त्याने गुठळीचा धोका कमी राहतो. गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतात ती गोळी निराळी, तिने हे काम होत नाही.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले, तरी 'उष्णता झाली असेल' म्हणून घरी थांबू नये. गोळी चालू असताना एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

फक्त योनीमार्गाचा कोरडेपणा किंवा लघवीची जळजळ असेल, तर पोटात गोळी घेण्याची गरजच नसते. तिथे लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते व ते रक्तात फारच थोडे उतरते. मात्र लाजेपायी ही तक्रार बायका डॉक्टरांना सांगतच नाहीत.