जाग, जागर, जागृती

मन आणि इंद्रिये भोवतालच्या जगासाठी उघडी असण्याची अवस्था म्हणजे जागेपण. जागा माणूस हाकेला ओ देतो, ऐकलेले ध्यानात ठेवतो आणि स्वतःच्या इच्छेने हालचाल करतो. मराठीत या अवस्थेभोवती शब्दांचे मोठे कुळ उभे आहे. नुसते डोळे उघडण्यापासून समाजाची जबाबदारी पेलण्यापर्यंतचे अर्थ त्यात सामावले आहेत.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने जागेपण हे मेंदूचे अखंड चालणारे काम आहे. हान्स बर्गर या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने 1929 साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरींची नोंद प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या जाग्या माणसात संथ, एकसारख्या लहरी दिसतात आणि डोळे उघडताच त्या ओसरतात, हे त्यातून कळले. मोरुझ्झी आणि मगून या संशोधकांनी 1949 मध्ये दाखवले की, मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या मस्तिष्कस्तंभातील चेतापेशींचे जाळे चेतवले, तर सगळ्या मेंदूला जाग येते. 1998 मध्ये जागे ठेवणाऱ्या ओरेक्सिन या मेंदूतील द्रव्याचा शोध लागला. ते कमी पडले तर माणसाला भर दिवसा अनावर झोप येते. याउलट, जागेपणाचे तास वाढतात तसे मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जाते आणि डोळे जड होतात. चहा-कॉफीतले कॅफिन अ‍ॅडेनोसिनचा परिणाम काही काळ रोखते, म्हणून तरतरी वाटते.

या कुळातील बहुतेक शब्द संस्कृत ‘जागृ’ धातूपासून आले आहेत. ग्रीक भाषेतील ‘उठवणे, जागे करणे’ या अर्थाचे क्रियापद याच प्राचीन मुळाचे. ‘ग्रेगरी’ या नावाचा अर्थही ‘जागरूक’ असाच होतो. ‘जागा’ म्हणजे स्थळ, हा शब्द मात्र फारसीतून आलेला. त्याचा या कुळाशी संबंध नाही. मांडूक्य उपनिषदाने चेतनेच्या चार अवस्था सांगितल्या, त्यांत जागृती पहिली. स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या तिच्या पुढच्या.

रोजच्या वापरात या शब्दांच्या छटा विरुद्धार्थी शब्दांवरून चटकन उमगतात. ‘जागा’च्या उलट झोपलेला, ‘शुद्धीवर’च्या उलट बेशुद्ध, ‘सावध’च्या उलट गाफील आणि ‘जागरूक’च्या उलट बेफिकीर. टक्क जागा माणूसही गाफील असू शकतो, म्हणूनच हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘जागृत’ हे विशेषण तर माणसापुरते उरतच नाही: देवस्थान जागृत असते, ज्वालामुखीही जागृत असतो. तिथे त्याचा अर्थ ‘आतली शक्ती अजून काम करते आहे’ असा होतो.

‘जागणे’ या क्रियापदाला मराठीने नैतिक अर्थही दिला. माणूस दिल्या शब्दाला जागतो, खाल्ल्या मिठाला जागतो. घेतलेले उपकार आणि दिलेले वचन न विसरणे, हेही जागे राहणेच आहे.

रात्र जागवण्याला परंपरेने पुण्यकर्माचे स्थान दिले. आश्विन पौर्णिमेच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे’ असे विचारत फिरते, या समजुतीवरून ‘कोजागरी’ हे नाव पडले. श्रावणात नववधू मंगळागौर जागवतात ती झिम्मा-फुगड्या खेळून. खंडोबाला मानणाऱ्या घरांत लग्नानंतर जागरण घालतात. उसाचा चौक उभा राहतो, खाली घट बसतो, दिवटी पेटते. वाघ्याची दिमडी आणि मुरळीच्या हातातली घंटी यांच्या तालावर देवाच्या कथा पहाटेपर्यंत चालतात. गोव्यात गावडा समाजाचा ‘जागर’ हा रात्रभर रंगणारा लोकनाट्यप्रकार आहे. या साऱ्यांत देवाच्या नावाने माणसे एकमेकांसाठी जागी राहतात.

सार्वजनिक जीवनात जागेपणाच्या अर्थाने मोठी झेप घेतली. ‘बुध्’ धातूचाही मूळ अर्थ जागे होणे हाच. बुद्ध म्हणजे जागा झालेला. त्याच धातूपासून ‘प्रबोधन’ शब्द आला आणि केशव सीताराम ठाकरे यांनी 1921 साली सुरू केलेल्या नियतकालिकाला तेच नाव दिले. लोकजागृती, ग्राहकजागृती हे शब्दही आता रोजचे झाले आहेत. गावगाड्यात रात्री गस्त घालणाऱ्या गावनोकराला जागल्या म्हणत. आज कार्यालयातला गैरकारभार उघड करणाऱ्यालाही मराठी वर्तमानपत्रे ‘जागल्या’च म्हणतात. पूर्वीचा जागल्या गाव झोपलेले असताना सर्वांच्या वतीने जागत असे. गैरव्यवहाराकडे सगळे डोळेझाक करत असताना आजचा जागल्याही तेच काम करतो, आणि त्यासाठी त्याला कायद्याचे आणि समाजाचे संरक्षण मिळायलाच हवे.