वगळा म्हटलेले गाणे घरोघर गेले

पडदा पडला की नटाचा आवाज थिएटरातच विरून जातो. तो रसिकाला घरी नेता यावा म्हणून अमेरिकेत एक चांगला रिवाज पडला. संगीत नाटक रंगभूमीवर आले की त्याच नटसंचाला स्टुडिओत नेऊन गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढायची. अशा तबकड्यांपैकी १९४९ सालच्या ‘साउथ पॅसिफिक’ची तबकडी आम्हांला विशेष मोलाची वाटते.

लेखक जेम्स मिचनर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलात होते. पॅसिफिक महासागरातील बेटांवर जे पाहिले त्यावर त्यांनी कथा लिहिल्या. त्या संग्रहाला १९४८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातील प्रामुख्याने दोन कथा घेऊन ऑस्कर हॅमरस्टाईन व जोशुआ लोगन यांनी नाटक बांधले. गीते हॅमरस्टाईन यांची, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे. नेली ही गोरी परिचारिका एका फ्रेंच मळेवाल्याच्या प्रेमात पडते, पण त्याची दिवंगत बायको बेटावरची, म्हणजे गोरी नव्हे, हे कळताच मागे फिरते. केबल हा बड्या घरचा लेफ्टनंट लियात या टोंकिनी, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामकडच्या, मुलीवर जीव टाकतो आणि लग्नाचे नाव निघताच नकार देतो. दोघेही दुष्ट नाहीत. मग हे येते कुठून?

याचे उत्तर केबल एका छोट्याशा गाण्यात देतो. द्वेष घेऊन कोणी जन्माला येत नाही, तो लहानपणीच घरातून पद्धतशीर शिकवला जातो, असा त्या गाण्याचा आशय आहे. हे ज्या काळात गायले गेले, तेव्हा अमेरिकेच्या कित्येक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचे लग्न हा गुन्हा होता. ते कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली मोडीत काढले. साहजिकच ‘एवढे गाणे वगळा’ असा आग्रह झाला. रॉजर्स-हॅमरस्टाईन हटले नाहीत. पुढे १९५३ साली जॉर्जिया राज्यात प्रयोग झाल्यावर तर तिथल्या काही आमदारांना गाण्यामागे मॉस्कोचा हात दिसला!

तबकडीचे महत्त्व इथेच आहे. ७ एप्रिल १९४९ रोजी न्यूयॉर्कला नाटक सुरू झाले आणि त्याच महिन्यात कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रण उरकले. (कोलंबिया म्हणताच आपल्या वाचकांना बाबासाहेबांचे विद्यापीठ आठवेल, ही कंपनी निराळी.) जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार मिनिटे मावत. या कंपनीने १९४८ साली लाँग प्ले तबकडी बाजारात आणली होती. तिच्या एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक मावत. त्यामुळे नाटकाची गाणी एका तबकडीत ओळीने ऐकता येऊ लागली. बिलबोर्डच्या यादीत ही तबकडी एकूण ६९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. लोकांनी ती घेतली मेरी मार्टिन आणि ऑपेरा गायक एझिओ पिंझा यांच्या प्रेमगीतांसाठी, हे उघड आहे. पण त्यांच्यामागून विल्यम टॅबर्टच्या आवाजात केबलचे ते गाणेही दिवाणखान्यात शिरले. जिथे नाटक कधी गेले नसेल तिथेही!

आणखी एक आवाज या तबकडीने जपला आहे. लियातची आई ब्लडी मेरी हिची भूमिका जुआनिटा हॉल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली. १९५० साली त्यासाठी तिला टोनी पारितोषिक मिळाले. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. १९५८ साली चित्रपट निघाला, तेव्हा पडद्यावर तीच होती, मात्र गाण्यासाठी गळा म्युरिएल स्मिथचा वापरला. आपल्याला पार्श्वगायनाची सवय असल्याने यात वावगे वाटणार नाही, पण जिचा गळा धडधाकट होता तिच्या तोंडी दुसरीचा आवाज घालणे आम्हांला तरी पटत नाही. खरी ब्लडी मेरी ऐकायची तर १९४९ च्या तबकडीकडेच जावे लागते.

एक गोष्ट मात्र खटकते. नेली गाते, मळेवाला गातो, त्याची मुले गातात, केबल गातो, ब्लडी मेरी गाते. लग्नाला नकार मिळाला तो लियातला, आणि संपूर्ण तबकडीत लियातला एकही गाणे नाही.